प्रस्तावना : नंबर एकाचा, नाव दुसऱ्याचे

निजामुद्दीन बाबू शेख नावाच्या माणसाचा मोबाइल अमली पदार्थांच्या संशयावरून ऐकायचा आहे, असा कागद पुणे पोलिसांकडून वर गेला आणि त्याला परवानगी मिळाली. कागदावरचा नंबर मात्र अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांचा होता. हे प्रकरण फेब्रुवारी २०२२मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या गुन्ह्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांत आले. त्याच यादीत नाना पटोले यांचा नंबर 'अमजद खान' या नावाखाली होता, काटोलचे तेव्हाचे आमदार आशिष देशमुख यांच्या वाट्याला एका बाईचे नाव आले होते आणि राज्यसभेचे तेव्हाचे खासदार संजय काकडे यांनाही परकीच नावे चिकटवली होती. आरोप होता तो पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर. त्यांनी तो नाकारला, राजकीय सूडाचा म्हटले, आणि पुढे सप्टेंबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा रद्दही केला. तेव्हा न्यायालयाच्या दृष्टीने हे प्रकरण संपले आहे, हे वाचकाने पहिल्याच पानावर लक्षात घ्यावे. या पुस्तकाचा विषय मात्र संपलेला नाही.

अमरावती-अकोल्याकडच्या वाचकाला या बातमीत पहिल्यांदा काय दिसले? हसू आले, हे खरे. 'अमजद खान' म्हटल्यावर पानठेल्यावर कोणाला काय आठवणार, ते सांगायला नको. बच्चूभाऊ त्या दिवसांत राज्यमंत्री होते, अकोल्याचे पालकमंत्री होते. चांदूर बाजार तालुक्यातल्या बेलोऱ्याचा हा माणूस २००४पासून सलग अचलपूरमधून निवडून येत होता, प्रत्येक आंदोलनात कार्यकर्त्यांच्या पुढे उभा राहत होता, आणि जे बोलायचे ते माइकवर बोलत होता. त्यांचा फोन चोरून ऐकायची गरज कोणाला वाटावी, हे लोकांना कोडे होते. ते कोडे सोडवायचे तर २०१७ साली वऱ्हाडात काय चालले होते ते आठवावे लागते.

जूनमध्ये नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप उठला. राजू शेट्टी, अजित नवले, बच्चू कडू अशी एरवी एका सतरंजीवर न बसणारी माणसे सुकाणू समितीत एकत्र आली. महिनाअखेर चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, पण ऑनलाइन अर्ज आणि याद्यांच्या घोळात ती गावापर्यंत पोचता पोचेना. त्यातच कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळात फवारणीच्या विषाने शेतकरी-शेतमजूर दगावले. डिसेंबरच्या सुरुवातीला माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा अकोल्यात आले आणि शेतकऱ्यांसह जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. पोलिसांनी ताब्यात घेऊन सोडायला काढले, तर ते जायलाच तयार होईनात. अकोल्याच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर केंद्राचा माजी अर्थमंत्री मुक्काम ठोकून बसला आणि मागण्या मान्य झाल्याचे सांगण्यात आले तेव्हाच हलला. दोनच दिवसांनी, ८ डिसेंबरला, नाना पटोले यांनी भाजपच्या खासदारकीचा राजीनामा दिला.

ही पार्श्वभूमी ठेवून ती यादी पुन्हा वाचावी. पटोले त्या वेळी सत्ताधारी पक्षाचे खासदार होते आणि स्वतःच्याच सरकारवर नाराज होते. देशमुख सत्ताधारी पक्षाचे आमदार, तेही नाराज. वर्षभरात त्यांनीही आमदारकी सोडली. काकडे सत्ताधाऱ्यांच्या गोटातलेच. कडू अपक्ष, म्हणजे आज इकडे तर उद्या तिकडे जाऊ शकणारे. २०१९च्या सत्तास्थापनेच्या धामधुमीभोवतीचा दुसरा गुन्हा मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. त्यात संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांची नावे होती. कागदावर राऊतांचे 'रहाटे' झाले होते, खडसेंचे 'खडसने', आणि दोघांची गणना समाजविघातक व्यक्तींमध्ये. राऊत तेव्हा मित्रपक्षाचे, खडसे स्वपक्षातले दुखावलेले ज्येष्ठ. आरोप खरे धरले तर या यादीत कट्टर विरोधक फारसे सापडत नाहीत. विरोधक काय म्हणतो ते सभेत ऐकू येते, त्यासाठी यंत्र लागत नाही. ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याच्या मनात डोकावायची घाई सत्तेला असते. फोन टॅपिंगच्या जगभरातल्या प्रकरणांत हा धागा इतक्या वेळा सापडतो की मी तो या पुस्तकाचा कणा मानला आहे.

दुसरा धागा त्या खोट्या नावांचा. त्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. वऱ्हाडात तार कशी आली, याची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत नसते.

१८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. जलंबपासून खामगावपर्यंतचा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला होता. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि कापसाच्या मोठ्या बाजारांत गणले जात होते. रेल्वेपाठोपाठ तार आली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने वऱ्हाडच्या कापसाची मागणी तारेने नोंदवायची आणि गाठी बोटीवर चढायच्या, असा हा मामला. आपल्याकडच्या विजेच्या तारेवरून वाहत होते ते कापसाचे भाव. पुढे तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे तारेने येणारे आकडे मुंबईत जुगाराचे आकडे झाले, आणि 'ओपन-क्लोज' हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. तार ही पैशाची गोष्ट होती, म्हणूनच ती सरकारची गोष्ट झाली. १८८५चा भारतीय तार अधिनियम या काळातला. तारेवरचा संदेश अडवण्याचा, थांबवण्याचा, उघडून पाहण्याचा अधिकार त्यातल्या पाचव्या कलमाने सरकारकडे घेतला.

बारा वर्षांनी, डिसेंबर १८९७मध्ये, अमरावतीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि दादासाहेब खापर्डे यजमानांतले प्रमुख. खापर्ड्यांचे मित्र टिळक त्या वेळी राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. पुढच्याच वर्षी पोस्टाचा कायदा आला. त्याच्या २६व्या कलमाने पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. टिळक-खापर्डे मंडळींवर पोलिसांची किती बारीक नजर होती, ते पाहायचे तर सरकारनेच पुढे छापलेले स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचे खंड उघडावेत. पोलिसांच्या गुप्त गोषवाऱ्यांवर आज आपण इतिहास लिहितो. यात एक विचित्र गंमत आहे: हेरांची वही हरवली नाही म्हणून नेत्यांचे बोलणे शिल्लक राहिले. आजच्या कायद्यात तसे घडायची सोय नाही. त्याचे कारण पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला. फक्त १९७२मध्ये पाचवे कलम थोडे बांधले गेले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक तरी प्रसंग असला पाहिजे, आणि त्यावर पुन्हा देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याची चिथावणी रोखणे यांपैकी एक कारण. कारण लेखी नोंदवायचे. पण नोंदवायचे कसे, तपासायचे कोणी, याचे नियम चोवीस वर्षे झाले नाहीत. त्या चोवीस वर्षांत काय चालले, ते मी आणि तुम्ही अंदाजाने समजू शकतो. १९८८मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना पुढाऱ्यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९९१मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले आणि त्या निमित्ताने चंद्रशेखर सरकारच कोसळले. त्याच वर्षी पुढाऱ्यांच्या टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात छापून आला. तो घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली.

१८ डिसेंबर १९९६चा तो निकाल या विषयाचा पाया आहे. टेलिफोनवरचे बोलणे हा खासगीपणाचा भाग, आणि खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचा भाग, असे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने म्हटले. आदेश फक्त गृहसचिव देतील, तो दोन महिन्यांपुरता असेल, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे जाणार नाही, सचिवांची एक समिती प्रत्येक आदेश तपासेल. हे सगळे २००७मध्ये ४१९-अ या नियमात उतरले. अर्जदारांची खरी मागणी मात्र मान्य झाली नाही. फोन ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी लागावी, असे ते म्हणत होते. संसदेने तसा कायदा केलेला नसताना आम्ही ती अट घालू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. मला विचाराल तर वऱ्हाडच्या आमदाराचे नाव निजामुद्दीन होण्याची वाट त्या एका नकारात मोकळी राहिली.

आता यंत्राकडे येऊ. एके काळी फोन ऐकायला एक्स्चेंजमध्ये कोणीतरी बसावे लागे. ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटरला गावातली निम्मी लग्ने आधी कळत. पुढे एसटीडी बूथ आले. काचेच्या केबिनमध्ये उभा राहून अकोल्याच्या बाजाराचा भाव विचारणारा माणूस इतका मोठ्याने ओरडत असे की बाहेरच्या रांगेलाही भाव कळे. त्या ऐकण्याला ऐकणाऱ्याचा चेहरा होता. आता नाही. पोलिसांकडून आदेशाची प्रत मोबाइल कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, नंबर यंत्रणेत भरला जातो, आणि त्या नंबरवरचा प्रत्येक कॉल जाता-येता पोलिसांच्या सर्व्हरवरही उतरतो. खट् आवाज येत नाही, बॅटरी गरम होत नाही, आवाजात घुमारा येत नाही. 'फोनमध्ये कटकट येते म्हणजे टॅप झालाय' ही पानठेल्यावरची समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही.

यंत्राला लागतो तो फक्त नंबर. नाव लागते ते सही करणाऱ्या माणसाला. गृहसचिवांसमोर फाइल येते तेव्हा त्यावर दहा आकडे असतात, आणि दहा आकड्यांवरून कोणी कोणाला ओळखत नाही. ते वाचतात नाव आणि कारण. 'ओमप्रकाश ऊर्फ बच्चू बाबाराव कडू, विधानसभा सदस्य, अचलपूर' असे तिथे लिहिले असते तर सही करणाऱ्याचा पेन थबकला असता. कदाचित मंत्र्यांना विचारले गेले असते, किमान कारण तरी मागितले गेले असते. आरोपातले खोटे नाव खरे असेल, तर कायद्याला कोणीतरी घाबरत होते, एवढे त्यातून सिद्ध होते. ज्यांना नियमांची अजिबातच पर्वा नसते ते नाव बदलण्याची तसदी घेत नाहीत. १९९६च्या निकालाने निदान खोटे बोलण्याची गरज तरी निर्माण केली, आणि त्या खोट्यामुळेच पाच वर्षांनी माग सापडला.

कोणते नाव निवडले, हेही पाहण्यासारखे आहे. पटोल्यांसाठी आणि कडूंसाठी मुसलमान नावे, कारण अमली पदार्थांचे. फाइल पुढे सरकवताना कोणत्या नावाला कोणी प्रश्न विचारणार नाही, याचा अंदाज ज्याने कोणी केला त्याने आपल्या कार्यालयीन सवयींबद्दल नकळत एक साक्षच दिली आहे. सगळीच नावे तशी नव्हती, हे खरे. पण जी होती त्यांच्याबद्दल विधानसभेत जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही. आमच्या नेत्याला हे नाव दिले म्हणून राग आला; त्या नावाच्या खऱ्या माणसाचा फोन असता तर त्याच्या बाजूने कोण उभे राहिले असते, हा प्रश्न तसाच राहिला.

सचिवांची समिती काय करत होती, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या अहवालात देऊन ठेवले आहे. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंगचे आदेश काढत होते. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीसमोर म्हणजे पंधरा ते अठरा हजार आदेश. दिवसभर बसले तरी एका आदेशाला काही सेकंद. हे काम होणे शक्य नाही, असे अहवालाने स्पष्ट म्हटले. बाजार समितीत लिलावाच्या दिवशी गाड्यांच्या रांगेतून हात न घालता धान्याची प्रत सांगणाऱ्या अडत्यासारखे ते झाले. त्याशिवाय तातडीच्या प्रसंगी पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी स्वतःच आदेश देऊन ऐकायला सुरुवात करू शकतो. तीन दिवसांत वर कळवायचे आणि सात दिवसांत मंजुरी घ्यायची, अशी नियमात सोय आहेच.

प्रकरणाचे पुढे काय झाले ते थोडक्यात. जुलै २०२१मध्ये पटोल्यांनी विधानसभेत विषय काढला. गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांची समिती नेमली. समितीच्या अहवालावरून दोन गुन्हे नोंदले गेले. जून २०२२मध्ये महाविकास आघाडीचे सरकार पडले. बच्चू कडू स्वतः एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला होते. नव्या सरकारच्या काळात पुण्याच्या गुन्ह्यात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या गुन्ह्यात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली, आणि या दोन कारणांनी उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४मध्ये शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. नोव्हेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर निवडणूक आयोगाने त्यांना हटवले. तशी मागणी करणाऱ्यांत पटोले होते. निकालानंतर त्या पुन्हा पदावर आल्या. कडू त्या निवडणुकीत अचलपुरात हरले.

या साऱ्यात एक गोष्ट कुठेच नाही: ऐकलेले बोलणे. अमेरिकन राजकारणात याच्या नेमके उलटे घडले. तिथे राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्याच कार्यालयात, स्वतःच्याच फोनवर ध्वनिमुद्रण बसवले. केनेडींनी केले, जॉन्सननी केले, निक्सननी तर आवाज झाला की आपोआप सुरू होणारी यंत्रणा बसवली. १६ जुलै १९७३ला अलेक्झांडर बटरफिल्ड या जुन्या सहायकाने चौकशी समितीपुढे ते सांगून टाकले आणि तेरा महिन्यांत, ९ ऑगस्ट १९७४ला, निक्सन पायउतार झाले. त्याच फितींतून २००५मध्ये इंदिरा गांधींबद्दल आणि भारतीयांबद्दलचे निक्सन-किसिंजर यांचे गलिच्छ बोलणे छापून आले. बांगलादेश युद्धाच्या काळात वॉशिंग्टन काय विचार करत होते, हे आज आपल्याला त्या फितींमुळे शब्दशः ठाऊक आहे. अमेरिकेत आवाज शिल्लक आहेत. पुण्याच्या प्रकरणात उरली आहेत ती नुसती टोपणनावे.

म्हणून या पुस्तकात कोणाच्याही संभाषणाचा उतारा नाही. वाचक तो शोधील, हे मला माहीत आहे. पुढाऱ्याच्या फोनचे प्रकरण म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'काय बोलला?' नीरा राडियांच्या फिती २०१०मध्ये बाहेर आल्या तेव्हा सारा देश कोण कोणाशी काय बोलले यात रंगला. ते ध्वनिमुद्रण कोणत्या परवानगीने झाले, आणि सरकारी कोठारातून बाहेर कसे पडले, याची चर्चा फार थोड्यांनी केली. आपल्याकडे मार्च २०२१मध्ये पोलिसांच्या बदल्यांच्या व्यवहाराबद्दलच्या टॅपिंगचा अहवाल देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत पुढे आणला, तेव्हाही पक्ष दोनच झाले: अहवालात काय आहे म्हणणारे आणि तो फुटला कसा म्हणणारे. दोघांनीही आपापला प्रश्न आपल्या सोयीने निवडला. सरकारे बदलल्यावर प्रश्नही अदलाबदल झाले.

टॅपिंगच नको, असे म्हणणारा मी नाही. मे १९९९मध्ये पाकिस्तानचे सेनाप्रमुख परवेझ मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ लेफ्टनंट जनरल अझीझ खान रावळपिंडीत. दोघांचे फोनवरचे बोलणे आपल्या यंत्रणेने पकडले. ११ जून १९९९ला ते जगासमोर ठेवले गेले तेव्हा कारगिलच्या शिखरांवर मुजाहिदीन आहेत, सैन्य नव्हे, हा पाकिस्तानचा दावा गळून पडला. लढाई चालू असताना शत्रूच्या सेनापतीचे बोलणे ऐकणे आणि अचलपूरच्या आमदाराचे बोलणे ऐकणे, या दोन्हींना एकच तराजू लावता येत नाही. अडचण अशी की देशात ज्याचा फोन ऐकायचा तो हेर असो की आमदार, कायदा एकाच प्रकारची फाइल लावतो.

न्यायालयांनी या फाइलकडे कसे पाहिले, याची दोन मुंबईची उदाहरणे पुस्तकात विस्ताराने आली आहेत. पहिले आर. एम. मलकानी यांचे. मुंबईचे कॉरोनर लाच मागत असल्याच्या तक्रारीवरून लाचलुचपत खात्याने तक्रारदाराच्या घरच्या फोनला त्याच्या संमतीने यंत्र जोडले. फीत पुरावा म्हणून चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्ये ठरवले, आणि पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावरून तो बाद होत नाही असेही म्हटले. पुढे अनेक वर्षे पोलिसांना हे वाक्य पुरले. दुसरे २०१९च्या ऑक्टोबरचे. विनीत कुमार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे आदेश रद्द केले. लाचेचा आरोप म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नव्हे आणि सार्वजनिक सुरक्षिततेलाही धोका नव्हे, असे सांगून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. त्याच्या दोन वर्षे आधी, २४ ऑगस्ट २०१७ला, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले होते, टॅपिंगच्या बाबतीत त्याचा हा ठोस परिणाम म्हणता येईल. आणि तोच २०१७चा ऑगस्ट या पुस्तकातल्या यादीच्या काळात येतो.

इतर देशांत काय आहे? अमेरिकेत १९६८पासून गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि ऐकणे संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत त्या माणसाला तसे कळवायचे असते. जर्मनीतही नंतर कळवण्याचे बंधन आहे. आपल्याकडे ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवले जात नाही. बच्चू कडूंना कळले ते सरकार बदलले म्हणून. ते आमदार होते, मंत्री झाले, म्हणून. दर्यापूरच्या एखाद्या शेतकरी कार्यकर्त्याचा किंवा अकोटच्या वार्ताहराचा नंबर अशाच कोण्या नावाखाली गेला असेल, तर ते कळण्याचा मार्ग कायद्यात नाही.

डिसेंबर २०२३मध्ये दूरसंचार अधिनियम आला आणि १८८५च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद झाली. ६ डिसेंबर २०२४ला संदेश ऐकण्याचे नवे नियम निघाले. मी ते जुन्या ४१९-अ शेजारी ठेवून वाचले. विसाव्या कलमातली कारणे जवळजवळ तीच आहेत. आदेश गृहसचिवांचाच, समिती सचिवांचीच, महानिरीक्षकाची तातडीची सवलत तशीच. बेकायदा ऐकणाऱ्याला दोन कोटींपर्यंत दंड, हे नवे. न्यायाधीश नाही, नंतरची सूचना नाही, वर्षाअखेर किती फोन ऐकले याचा विधिमंडळापुढे हिशेब नाही. नंबर ज्याच्या नावावर कंपनीत नोंदलेला आहे तेच नाव आदेशात असले पाहिजे, इतकी साधी अट मला त्यात सापडली नाही. ती असती तर अमजद खान पहिल्याच टेबलावर अडला असता.

आणि सहा महिन्यांची तरतूद कायम आहे. तपासाला किंवा न्यायालयाला गरज नसेल तर आदेश आणि ध्वनिमुद्रण दर सहा महिन्यांनी नष्ट करायचे. नागरिकाच्या दृष्टीने हे बरे, कारण त्याचे बोलणे कपाटात पडून राहत नाही. ज्याने खोटे नाव लिहिले त्याच्याही दृष्टीने ते बरेच. खापर्ड्यांवरचे गुप्त गोषवारे शंभर वर्षांनी वाचता येतात. २०१७च्या वऱ्हाडावरचे तसे वाचता येणार नाहीत. जे उरले आहे ते विधानसभेच्या कामकाजात, दोन गुन्ह्यांच्या नोंदींत आणि उच्च न्यायालयाच्या आदेशात आहे. पुढची प्रकरणे त्यावर लिहिली आहेत. कायद्यात रस नसलेल्या वाचकाने तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल; तिथे पुण्याहून मुंबईला गेलेल्या कागदाचा प्रवास टेबलागणिक दिला आहे, आणि प्रत्येक टेबलावर कोणी काय तपासायला हवे होते तेही.

अमरावती